विनोदाचे बिऱ्हाड

रडविण्याच्या खटपटीत फसलेल्या कृतीस लोक जितक्या लवकर क्षमा करतात, तितक्या लवकर हसविण्याच्या खटपटीत फसलेल्या कृतीस करीत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. गंभीर नाटक पडले, तर ‘विषय तरी मोठा होता’ असे म्हणून प्रेक्षक कर्त्याची लाज राखतात. विनोदी चित्रपट पडला, म्हणजे मात्र त्याचा कर्ता, नट, संवादलेखक आणि तिकिटाचे पैसे भरून आत बसलेला प्रेक्षक हे सर्वच एकदम मूर्ख ठरल्यासारखे होतात. आणि मूर्ख ठरणे कोणासच आवडत नसल्यामुळे जो तो तो दोष दुसऱ्याच्या पदरात टाकू पाहतो. त्यातून तो चित्रपट एखाद्या गाजलेल्या कृतीवर बेतलेला असेल, तर मग पाहावयासच नको. ‘मुळाचा विचका केला’ हे वाक्य परीक्षकाच्या दौतीत तयारच असते.

या वाक्याविषयी आम्हांस बरेच दिवस काही लिहावयाचे होते. त्यासाठी आम्ही असे एक कथानक निवडतो, की ज्याने एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अनेकदा बिऱ्हाड हलविले आणि प्रत्येक ठिकाणी ज्याचे निराळे स्वागत झाले. कथानक अगदी साधे आहे. शहरात चार-पाच तरुण मित्रांना राहावयास जागा मिळत नाही; जागा देणाऱ्याची अट अशी, की भाडेकरू विवाहित जोडपेच हवे; तेव्हा मित्रांपैकी दोघे साड्या नेसून बायका होतात, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून उद्भवतो. 1955 साली ‘जय माँ काली बोर्डिंग’ या नावाने ही गोष्ट बंगाली पडद्यावर आली. 1966 साली हृषिकेश मुखर्जी यांनी तिच्यावरून ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट काढला. 1988 साली सचिन पिळगावकर यांच्या दिग्दर्शनाखाली व्ही. शांताराम यांच्या संस्थेतून ती मराठीत ‘अशी ही बनवाबनवी’ होऊन आली. पुढे 1991 साली ती तेलुगूत गेली. 2009 साली ‘पेइंग गेस्ट्स’ या नावाने पुन्हा हिंदीत परतली. आणि 2014 साली पंजाबीतही जाऊन पोहोचली.

या प्रवासातील दोन मुक्काम अयशस्वी ठरले, आणि दोन्ही हिंदीतले. ‘बीवी और मकान’कडे त्या काळच्या प्रेक्षकांनी पाठ फिरविली. ‘पेइंग गेस्ट्स’ला तर समीक्षकांनी बहुतेक एकमुखाने झिडकारले आणि प्रेक्षकांनीही फारसे जवळ केले नाही. उलट या दोहोंच्या मध्ये उभी असलेली ‘बनवाबनवी’ मराठी माणसाच्या घरची होऊन बसली. तिच्यातील धनंजय माने, परशा, सरपोतदार आणि लीलाबाई काळभोर ही माणसे आज चित्रपटातली राहिलेली नसून शेजारपाजारची झाली आहेत. ती प्रदर्शित झाली तेव्हा जन्मालाही न आलेली मुले तिच्यातील वाक्ये पाठ म्हणतात.

आता ‘मुळाचा विचका’ ही कसोटी येथे लावून पाहावी. ‘पेइंग गेस्ट्स’ पडला, कारण तो नक्कल होता, असे म्हणावे, तर ‘बनवाबनवी’ तरी दुसरे काय होती? बरे, कर्त्याच्या अंगी गुण कमी होते असे म्हणावे, तर ‘बीवी और मकान’चा कर्ता कोण, हे विसरून चालणार नाही. त्याच हृषिकेश मुखर्जी यांनी 1975 साली ‘छद्मबेशी’ या दुसऱ्या एका बंगाली चित्रपटावरून ‘चुपके चुपके’ काढला, आणि तो आजही घरोघर आवडीने पाहिला जातो. हात तोच, उसनवारीचे गावही तेच. एक उसनवार बुडाली आणि दुसरी फळाला आली. तेव्हा उसनवारी हा दोष मानण्यात अर्थ नाही.

आपल्या रंगभूमीचा इतिहासही हीच साक्ष देतो. गोविंद बल्लाळ देवल यांचा ‘संशयकल्लोळ’ हा मराठी विनोदाचा एक मानबिंदू समजला जातो. त्याचे मूळ मोलिएरच्या 1660 सालच्या एका फ्रेंच प्रहसनात आहे. तेथून ते 1761 साली आर्थर मर्फी या नाटककाराच्या हातून इंग्रजीत उतरले. आणि इंग्रजीतून देवलांनी ते प्रथम गद्यात आणि पुढे 1916 साली संगीत रूपात मराठीत आणले. दोन समुद्र ओलांडून आलेला हा फाल्गुनराव परका आहे, अशी शंका मराठी प्रेक्षकास कधी आली नाही. बायकोवर संशय घेणारा गृहस्थ फ्रेंच असतो की पुणेरी, हे विचारण्याची गरजच त्याला भासली नाही. मग एकच विनोद एका घरात रुजतो आणि दुसऱ्या घरात वाळून जातो, याचे कारण काय?

याचे उत्तर आम्हांस कोणत्याही परीक्षणात मिळाले नाही. ते जुन्नर तालुक्यात, लेण्याद्रीच्या पायथ्याशी, एका वस्तीवरच्या अंगणात मिळाले. काही वर्षांपूर्वी माघातील गणेशजयंतीच्या सुमारास आमचे तेथे एका स्नेह्यांकडे चार दिवस राहणे झाले होते. वस्तीतील तरुण मंडळींनी पांढरे कापड ताणून, पुण्याहून प्रक्षेपक यंत्र भाड्याने आणून, रात्री चित्रपट दाखविण्याचा बेत केला होता. पहिल्या रात्री मुलांच्या आग्रहावरून ‘पेइंग गेस्ट्स’ लागला. श्रेयस तळपदे हा मराठी नट त्यात आहे, हे त्या आग्रहाचे एक कारण. दुसऱ्या रात्री वडीलधाऱ्यांच्या आग्रहावरून ‘बनवाबनवी’ लागली. जुन्नरची माघातली थंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांस हे सांगावयास नको, की अशा रात्री उघड्यावर अडीच तास बसून राहणे ही काही सामान्य गुणग्राहकता नव्हे. द्राक्षबागांत दिवसभर राबलेली माणसे, घोंगड्या आणि चादरी पांघरलेल्या बाया, मांडीवर झोपलेली पोरे, असा शंभर-सव्वाशे माणसांचा तो समाज होता.

पहिल्या रात्री काय घडले ते आम्ही बारकाईने पाहिले. कोणी शिव्या दिल्या नाहीत, कोणी ओरडले नाही. नट पडले-आपटले की लहान मुले हसत. जॉनी लिव्हर पडद्यावर आला की मोठेही हसत, आणि तो गेला की हसे मावळे. पाऊण तासाच्या सुमारास एक गृहस्थ मोटार सुरू करावयाची आहे म्हणून उठले. वीज रात्रीची होती, तेव्हा कारण खरेच असेल. त्यांच्यामागे दुसरे उठले. बाया आपसांत लग्नाच्या याद्यांविषयी बोलू लागल्या. तरुण मंडळी आपापल्या हातातील दूरध्वनीच्या उजेडात गेली. मध्यंतरापर्यंत अंगण निम्मे रिकामे झाले. त्या चित्रपटावर इतके सभ्य आणि इतके कठोर परीक्षण आम्ही कोठेही वाचलेले नाही.

दुसऱ्या रात्री तीच माणसे आली आणि शेवटपर्यंत बसली. तेथे बहुतेकांस पुढे काय होणार हे ठाऊक होते. वाक्य पडद्यावर येण्यापूर्वी ते अंगणातून येत होते. तरीही परशाच्या सोंगावर संकट आले, की सव्वाशे माणसे श्वास धरून बसत. ही गोष्ट आम्हांस मोठी नवलाची वाटली. ज्याचा शेवट ठाऊक आहे, त्याविषयी धास्ती कशी वाटावी? आमच्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या होत्या. आदल्या रात्रीही त्या होत्या. आम्ही त्यांस विचारले, “आजी, काल का हो उठून गेलात? गोष्ट तर हीच होती.”

त्यांनी पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिले, “गोष्ट हीच, पर कालच्या पोरांना घर सुटायचं भ्याच नव्हतं, भाऊ. ह्या पोरांचा जीव बघा कसा टांगणीला हाय.”

एवढे बोलून त्या पुन्हा हसू लागल्या. आमचा प्रश्न मात्र तेथेच सुटला. पुरुषाने साडी नेसणे हा या कथेतील विनोद नव्हेच. तो विनोदाचा केवळ पोशाख आहे. साडी फेडली तर रस्त्यावर यावे लागेल, हे भय त्या विनोदाचे शरीर आहे. फसविणाऱ्याचा नाइलाज आपणांस पटला, तरच त्याची फसवणूक आपणांस गोड वाटते. तो पटला नाही, तर उरतो तो नुसता लबाडीचा आरडाओरडा. ‘पेइंग गेस्ट्स’च्या कर्त्यांनी कथा उचलून थायलंडात नेऊन ठेवली. निळा समुद्र, झगझगीत रस्ते, नवे कपडे घातलेले तरुण. आणि यांना म्हणे राहावयास जागा नाही! त्यांच्या अंगावरचा एकही सदरा ही अडचण कबूल करीत नव्हता. मग ते बायका का झाले? चित्रपटाच्या कर्त्यास हसे हवे होते म्हणून. प्रेक्षकास हे कारण पुरेसे वाटले नाही, यात त्याचे काय चुकले?

याउलट 1988 सालचे पुणे डोळ्यांपुढे आणावे. 1947 सालच्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची प्रमाणभाडी 1940 सालच्या सप्टेंबरातील भाड्यांशी बांधून टाकली होती. महागाई वाढत गेली, भाडे जागच्या जागी राहिले, आणि एकदा आत आलेला भाडेकरू सहजासहजी काढता येईना. परिणामी मालक नव्या माणसास घरात घेण्यापूर्वी त्याचे गोत्र, नोकरी आणि संसार सगळे तपासून पाही, किंवा खोली कुलूप लावून रिकामी ठेवी. एकट्या तरुणास जागा देणे, म्हणजे घरात गोंगाट आणि शेजारी कुजबूज ओढवून घेणे, असा समज वेगळाच. हा कायदा 2000 सालच्या मार्चअखेर नवा कायदा अमलात येईपर्यंत चालू होता. तेव्हा सरपोतदार हा मालक आणि माने हा भाडेकरू यांच्यातील खटके पाहून चित्रगृहात जे हसत होते, त्यांतील कित्येक स्वतः कोणाचे ना कोणाचे भाडेकरू होते, किंवा मालक होते. त्यांच्या हसण्यात त्यांची स्वतःची दहा वर्षांची चिडचिड मोकळी होत होती.

आणि आमच्या त्या अंगणातील मंडळींचे काय? त्यांची घरे तर स्वतःची होती. परंतु त्यांची मुले नव्हती. जुन्नर भागातून शिक्षणास आणि नोकरीस पुण्यास गेलेला मुलगा ज्या घरात नाही, असे घर त्या वस्तीत विरळाच. ‘कॉट बेसिस’ हा शब्द तेथील आयांनाही ठाऊक होता. एका खोलीत पाच खाटा, एका खाटेचे भाडे, रात्री दहानंतर दार बंद, पाहुणा आला तर मालकिणीचे तोंड वाकडे, हे सारे त्यांनी मुलांच्या तोंडून ऐकलेले होते. कायदा बदलला, पण अविवाहित तरुणांस जागा नाकारणाऱ्या गृहसंस्था पुण्यात आजही आहेत. आजींच्या शब्दांतले ‘भ्या’ त्यांच्या नातवाचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लेण्याद्रीचा डोंगर चढून गेलो. तीनशेच्या जवळपास पायऱ्या आहेत, आणि चढताना विचारास पुष्कळ सवड मिळते. ज्यास आज गिरिजात्मजाचे मंदिर म्हणतात, ते मुळात सातव्या क्रमांकाचे बौद्ध लेणे, म्हणजे एक विहार आहे. मध्ये एकही खांब नसलेले प्रशस्त दालन, आणि त्याच्या तीन बाजूंस मिळून वीस लहान खोल्या. या खोल्या भिक्षूंच्या राहण्यासाठी कोरलेल्या. पावसाळ्यात हिंडणे सोडून एका ठिकाणी राहावयाचे, हा त्यांचा नेम. तेव्हा डोक्यावर छप्पर हवेच. आदल्या रात्रीचा चित्रपट डोक्यात घोळत असल्यामुळे आम्हांस असे वाटून गेले, की बिनलग्नाच्या माणसांची राहण्याची सोय ज्यात मुद्दाम डोंगर फोडून केली होती, असे हे ठिकाण. शेजारच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या दात्याने दिल्याचा लेख तेथे आहे. लीलाबाई काळभोर यांच्या पुष्कळ आधी, अट न घालता वास्तू देणारे लोक या मुलखात होते, हे वाचून बरे वाटले.

परंतु आमच्या विषयाशी अधिक जवळची गोष्ट पुढेच आहे. या विहाराचे पुढे मंदिर झाले. मागच्या भिंतीतील मधल्या खोल्यांच्या जागी गणपतीचे स्थान आले. हेही एक रूपांतरच म्हणावयाचे. भाविक पायऱ्या चढून येतो, घाम पुसतो, दालनात टेकतो, आणि त्या गार, शांत जागेत त्याचे मन निवते. ज्यांनी रूपांतर केले, त्यांनी दालनाची शांतता मोडली नाही. खोल्यांची ती रांग, तो कातळ, खालच्या कुकडीच्या खोऱ्याकडे उघडणारी ती ओसरी, हे सारे त्यांनी तसेच राहू दिले. मूळच्या धर्माचे माणूस आणि आताचे भाविक यांच्यात या जागेविषयी मतभेद असू शकेल, आणि त्याचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही इतकेच म्हणतो, की मुळातील कोणती गोष्ट हलविली तर चालते आणि कोणती हलविली तर सर्वच कोसळते, याची जाण कोणत्याही रूपांतरकारास असावी लागते. डोंगर फोडून कोरलेल्या वास्तूत ती चटकन कळते, कारण तेथे चुकीचा खांब काढला तर छत अंगावर येते. चित्रपटात छत अंगावर येत नाही. प्रेक्षक उठून मोटार सुरू करावयास जातो.

‘बनवाबनवी’च्या कर्त्यांस ही जाण होती, याचे एक कारण आम्हांस त्या डोंगरावरून दिसणाऱ्या प्रदेशातच सापडते. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते. विठाबाई नारायणगावकरांचे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? तमाशाच्या गवळणीत मावशी असते, आणि ती मावशी पुरुषच असतो. पदर सावरीत, नाक मुरडीत तो कृष्णाशी हुज्जत घालतो, आणि त्याच्या बायकीपणाने कोणीही फसत नाही. हसे येते ते त्याच्या हजरजबाबाने. ‘बनवाबनवी’चे संवाद वसंत सबनीस यांनी लिहिले. हेच सबनीस 1965 साली रंगभूमीवर आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे आणि 1971 सालच्या ‘सोंगाड्या’ चित्रपटाचे लेखक. तमाशाचा विनोद कसा उभा राहतो, हे त्यांस अंतर्बाह्य ठाऊक होते. त्यांनी बंगाली कथानकास नुसता मराठी मजकूर जोडला नाही. सोंग घेणाऱ्याच्या जिभेवर त्यांनी तमाशाची हजरजबाबी दिली आणि त्याच्या पोटात पुणेरी भाडेकरूची धास्ती घातली. असे झाल्यावर ती कथा उसनी राहिली नाही.

याचा अर्थ ‘बनवाबनवी’ निर्दोष आहे असा कोणी घेऊ नये. तिच्यातील काही थट्टा आज ऐकताना कानास बोचते, आणि तिच्यातील स्त्रियांस कथेने फारसे काम दिलेले नाही. परंतु लोक तिच्यावर प्रेम करतात ते डोळे मिटून, असे आम्हांस वाटत नाही. त्या अंगणातही एका प्रसंगी बायांच्या बाजूने हसे आले नाही, फक्त पुरुषांच्या बाजूने आले. न हसण्याचा हा विवेक सामान्य प्रेक्षकाजवळ असतो, आणि त्याची दाद आपण घेत नाही, हेच आमचे खरे गाऱ्हाणे आहे.

कारण पडलेल्या विनोदी चित्रपटानंतर दोन प्रकारची मंडळी बोलू लागतात. चित्रपट काढणारे म्हणतात, “समीक्षकांचे सोडा, गावाकडच्या प्रेक्षकास असलेच लागते.” समीक्षक म्हणतात, “प्रेक्षकांची अभिरुची खालावल्यामुळेच असले चित्रपट निघतात.” दोघांचे भांडण मोठे, पण खेड्यातला प्रेक्षक काहीही पाहून हसतो, या एका गृहीतावर दोघांचेही मतैक्य आहे. या गृहीताची किंमत तो प्रेक्षक फार भरतो. त्याच्या नावावर पुढचा चित्रपट अधिक आरडाओरड्याचा निघतो, आणि तोही पडला, म्हणजे खापर पुन्हा त्याच्याच अभिरुचीवर फुटते. पहिल्या रात्री थंडीत पाऊण तास बसून, अखेर निमूटपणे उठून गेलेल्या त्या माणसांस कोणी विचारले नाही, की तुम्ही का उठलात. विचारले असते, तर एका आजीने जे एका वाक्यात सांगितले, ते त्यांतील निम्म्यांनी आपापल्या शब्दांत सांगितले असते.

म्हणून रूपांतरित विनोदाचे परीक्षण करणाऱ्यास आमची अशी विनंती आहे, की मुळाशी ताडून पाहण्यापूर्वी त्याने एक साधा प्रश्न विचारावा: या माणसांचे काय जाणार आहे? घर, अब्रू, नोकरी, मैत्री. काही तरी जाणार असेल, आणि ते जाणे आपल्या मुलखातल्या माणसास लागणारे असेल, तर कथा कलकत्त्याची असो की पॅरिसची, ती येथे नांदेल. काहीच जाणार नसेल, तर मूळ वाक्यान्‌वाक्य उतरवून घेतले, तरी ते परक्याचे सामान परक्याच्याच गाठोड्यात राहील. आणि चित्रपट काढणाऱ्यांस विनंती अशी, की पुढची उसनवारी पडद्यावर आणण्यापूर्वी त्यांनी ती एखाद्या थंडीच्या रात्री, ज्यांना सकाळी लवकर उठून बागेत जावयाचे आहे, अशा माणसांपुढे दाखवून पाहावी. हसे कोठे येते, ते सर्वच पाहतात. त्यांनी कोण केव्हा उठून गेले, तेवढे टिपून ठेवावे.